बर्फकोंडीचे पूर
बर्फकोंडीचे पूर : शीत प्रदेशांतील नद्यांवर हिवाळ्यात तयार झालेले बर्फाचे आवरण वसंत ऋतूत फुटते. त्याचे तुकडे प्रवाहाबरोबर वाहू लागतात आणि एखाद्या अडचणीच्या जागी अडकून राहिल्यास नदीचे पाणी त्यांच्यामागे तुंबते. अशा अडथळ्यास बर्फकोंडी व तिच्यामुळे येणाऱ्या पुरास बर्फकोंडीचा पूर असे म्हणतात. अलास्का, कॅनडा, सायबीरिया, स्कँडिनेव्हिया व फिनलंड या प्रदेशांत हे पूर प्रामुख्याने येतात. पूर्वी मध्य यूरोपातील ऱ्हाईन, डॅन्यूब, व्हिश्चला यांसारख्या नद्यांनाही ते वारंवार येत असत. पावसाने येणाऱ्या पुरात पाण्याची पातळी नदीतून वाहणाऱ्या पाण्याच्या प्रमाणानुसार चढते. बर्फकोंडीच्या पुराचे तसे नसते. नदीत पाणी बेताचेच असतानाही तो येऊ शकतो. कोठे येईल हे आधी नक्की सांगता येत नाही, आणि तो चढावयास काही वेळा एक तासही लागत नाही. उत्तरेकडील नदीकाठच्या वस्त्यांचा इतिहास बराचसा या पुरांशी निगडित आहे. वस्ती कोठे करावी, ती तेथेच राखावी की हलवावी आणि त्याचा निर्णय कोणी करावा, हे प्रश्न तेथे पिढ्यान्‌पिढ्या उपस्थित होत आले आहेत.

प्रक्रिया : शरद ऋतूच्या अखेरीस पाण्याचे तापमान गोठणबिंदूच्या किंचित खाली गेले, की खळाळत्या प्रवाहात बर्फाचे सूक्ष्म कण तयार होतात. ते एकमेकांस चिकटून त्यांच्या थाळ्या बनतात व काठापासून वाढत आलेल्या बर्फाशी जुळून नदीचा पृष्ठभाग झाकला जातो. उत्तरेकडील मोठ्या नद्यांवर या आवरणाची जाडी हिवाळ्याच्या अखेरीस एक ते दोन मी. पर्यंत जाते. हिवाळाभर हीच गोठलेली नदी प्रवासाचा रस्ता म्हणून वापरली जाते.

वसंत ऋतूत बर्फ दोन प्रकारे जाते. पहिल्या प्रकारात दिवस हळूहळू तापत जातात, सूर्यप्रकाशाने बर्फ जागच्या जागी पोकळ व ठिसूळ होते आणि वितळलेले पाणी नदीत येण्यापूर्वीच त्याची ताकद संपलेली असते. अशा वर्षी बर्फ फारसा उपद्रव न करता वाहून जाते. दुसऱ्या प्रकारात वसंत लांबतो व नंतर एकाएकी उष्मा वाढतो. डोंगरांवरील हिम झपाट्याने वितळून पाण्याचा लोंढा येतो, पण खालचे बर्फ अजून जाड व कठीणच असते. पाणी त्या आवरणाला खालून उचलते, काठापासून तोडते व त्याच्या मोठमोठ्या लाद्या करून पुढे ढकलते. हा दुसरा प्रकारच धोकादायक होय. दीर्घ व कडक हिवाळा, भरपूर हिम, लांबलेली थंडी आणि नंतर अचानक आलेली ऊब हे चार घटक एकत्र आले, की मोठ्या पुराची शक्यता वाढते.

नदीच्या वाहण्याच्या दिशेलाही येथे विशेष महत्त्व आहे. सायबीरियातील ओब, येनिसे, लीना आणि कॅनडातील मॅकेंझी या नद्या दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतात. लीना नदीच्या वरच्या, म्हणजे दक्षिणेकडील टप्प्यात एप्रिलच्या अखेरीस बर्फ सुटू लागते. त्रिभुज प्रदेशात मात्र ते मेच्या अखेरीपर्यंत किंवा जूनच्या प्रारंभापर्यंत टिकून असते. त्यामुळे वितळलेले पाणी व सुटलेले बर्फ न फुटलेल्या बर्फावर जाऊन आदळते. उपनद्याही हेच कार्य करतात. मॅकेंझीला फोर्ट सिंप्सन येथे मिळणारी लीअर्ड नदी आधी फुटते व तिच्या लोंढ्याने मुख्य नदीचे बर्फ फोडले जाते.

कोंडी साधारणपणे ठरावीक जागी होते. नदीचे तीव्र वळण, बेटांमुळे अरुंद झालेले पात्र, उतार एकदम कमी होण्याची जागा, उथळ वाळूचे बांध, पुलांचे खांब, त्रिभुज प्रदेशाचे मुख आणि न फुटलेल्या बर्फाची कड या त्या जागा होत. अडकलेल्या लाद्यांवर मागून येणाऱ्या लाद्या चढतात, काही खाली दडपल्या जातात आणि काही मीटर जाडीचा, अनेक किमी. लांबीचा थर तयार होतो. बर्फाची घनता पाण्याच्या सु. नऊ दशांश असल्याने या थराचा बहुतेक भाग पाण्याखाली असतो. तो पात्राचा मोठा भाग व्यापतो, शिवाय त्याच्या खडबडीत तळाशी घर्षण होऊन प्रवाह मंदावतो. त्यामुळे तेवढेच पाणी वाहून नेण्यासाठी नदीला पुष्कळ अधिक उंची गाठावी लागते. कोंडीच्या वरच्या अंगास अशा रीतीने पूर येतो. पुढे पाण्याचा दाब वाढून कोंडी सुटते, तेव्हा साठलेले पाणी व बर्फ लाटेच्या रूपाने खाली धावते. या लाटेने खालच्या गावात काही मिनिटांत पाणी काही मीटर चढू शकते. पाण्याबरोबर येणाऱ्या बर्फाच्या लाद्या झाडे मोडतात, काठ खरवडतात व लाकडी घरे पायांवरून उचलून नेतात. पूर ओसरल्यावरही गावातील रस्त्यांवर घराएवढे बर्फाचे तुकडे कित्येक दिवस पडून राहतात.

नोंदींची परंपरा : नदीचे बर्फ फुटण्याचा दिवस हा उत्तरेकडील लोकांच्या दृष्टीने वर्षातील महत्त्वाचा दिवस असतो. त्या दिवशी बर्फावरून होणारी वाहतूक संपते व जलमार्ग खुला होण्याची वेळ येते. त्यामुळे व्यापारी शहरांतून या दिवसाच्या नोंदी फार पूर्वीपासून ठेवल्या गेल्या. लॅटव्हियातील रीगा येथे दौगव्हा नदीच्या नोंदी १५३० पासूनच्या आहेत. फिनलंड व स्वीडन यांच्या सीमेवरील टॉर्निओ नदीची नोंद १६९३ पासून, तर सेंट पीटर्झबर्ग येथील नीव्हा नदीची १७०६ पासून मिळते. हवामानमापनाची उपकरणे सर्वत्र प्रचारात येण्यापूर्वीच्या काळाविषयी या नोंदी मोलाची माहिती देतात.

उत्तर अमेरिकेत या नोंदींना पैजांचा आधार मिळाला. यूकॉन नदीवरील डॉसन येथे १८९६ पासून बर्फ फुटण्याच्या तारखा नोंदलेल्या आहेत. अलास्कातील नेनाना या गावी १९१७ मध्ये रेल्वेच्या कामावरील अभियंत्यांनी टॅनना नदीचे बर्फ केव्हा सुटेल यावर ८०० डॉलरची पैज लावली. तीतून दरवर्षीची सार्वजनिक स्पर्धा सुरू झाली. बर्फावर लाकडी तिवई उभी करून ती तारेने काठावरील घड्याळास जोडतात. तिवई सरकली की घड्याळ बंद पडते व बर्फ सुटल्याची वेळ मिनिटापर्यंत निश्चित होते. एका करमणुकीतून शंभर वर्षांहून अधिक काळाची अखंड शास्त्रीय मालिका उपलब्ध झाली, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. या मालिकेतील सर्वांत लवकरची तारीख १४ एप्रिल (२०१९) ही आहे. २० मे ही उशिराची तारीख १९६४ व २०१३ या दोन वर्षी नोंदली गेली.

यूरोपातील जुने पूर : १७८३ मध्ये आइसलँडमधील लाकी ज्वालामुखीचा उद्रेक झाला व त्यानंतरचा हिवाळा यूरोपात अत्यंत कडक गेला. फेब्रुवारी १७८४ च्या अखेरीस ऱ्हाईनचे बर्फ फुटले, तेव्हा कोलोन येथे पाण्याची पातळी १३·५५ मी. पर्यंत चढली, समोरच्या काठावरील म्यूलहाइम हे गाव बर्फाने बहुतांशी उद्ध्वस्त केले. मार्च १८३८ मध्ये डॅन्यूब नदी पेस्टच्या खालच्या अंगास बर्फाने कोंडली व पेस्ट शहर पाण्याखाली गेले. त्यात दीडशेवर माणसे मृत्युमुखी पडली आणि पेस्टमधील दोन हजारांहून अधिक घरे कोसळली. कोसळलेली घरे मुख्यतः मातीच्या कच्च्या विटांची असल्याने पुढील काळात बांधकामाचे नियम कडक करण्यात आले आणि नदीचे पात्र सुधारण्याच्या योजनांना चालना मिळाली. पात्राचे नियमन, कारखान्यांतून व शहरांतून येणारे उबदार पाणी, बर्फफोड्या बोटी आणि हवामानातील बदल यांमुळे पश्चिम व मध्य यूरोपात असे पूर विसाव्या शतकात विरळ झाले. उत्तरेकडील विरळ वस्तीच्या प्रदेशात मात्र ते चालूच राहिले.

नदीकाठची वस्ती : कॅनडा व अलास्कातील क्री, डेने, हान, ग्विचिन इ. आदिवासी समाज नदीवरच अवलंबून होते. परंतु त्यांचे जीवन ऋतूंनुसार स्थलांतराचे होते. बर्फ फुटण्याच्या सुमारास जेम्स उपसागराच्या परिसरातील क्री लोक वसंतातील हंसांच्या शिकारीसाठी नदीपासून दूरच्या तळांवर जात. नदी मोकळी झाल्यावर ते पुन्हा काठावर येत. पूर येत असे, पण त्याच्या वाटेत कायमचे गाव नसे. कोणत्या वळणावर बर्फ अडते, कोणत्या उंचीपर्यंतच्या झाडांवर बर्फाने घासल्याच्या खुणा आहेत, याचे ज्ञान वृद्धांकडून तरुणांकडे जात असे.

लोकरी कातड्यांचा व्यापार, धर्मप्रसारकांची केंद्रे, सोन्याच्या खाणी आणि पुढे सरकारी शाळा व दवाखाने यांमुळे ही स्थिती पालटली. ही सर्व केंद्रे नौकांच्या सोयीसाठी नदीच्या अगदी काठावर, बहुधा दोन नद्यांच्या संगमावरील सपाट जमिनीवर उभारली गेली. नेमक्या याच जागा कोंडीच्याही होत. शाळा व दुकान जेथे, तेथेच राहण्यावाचून लोकांना गत्यंतर उरले नाही आणि ऋतूनुसार हलणारा समाज पूरक्षेत्रात स्थिर झाला.

याचे परिणाम लवकरच दिसून आले. रेड नदीवरील (हल्लीच्या विनिपेग परिसरातील) वसाहतीत १८२६ च्या मे महिन्यात बर्फासह आलेल्या पुराने जवळजवळ सर्व घरे वाहून नेली आणि वसाहतकऱ्यांपैकी अनेक जण कायमचे दक्षिणेकडे निघून गेले. या नदीवरील ज्ञात पुरांपैकी हा सर्वांत मोठा समजला जातो. अ‍ॅथाबास्का व क्लिअरवॉटर यांच्या संगमावर हडसन बे कंपनीने १८७० मध्ये फोर्ट मकमरी हे ठाणे स्थापन केले. पाचच वर्षांनी, १८७५ च्या वसंतात, त्यास बर्फकोंडीच्या पुराचा तडाखा बसला. क्लाँडाइक परिसरात १८९६ मध्ये सोने सापडल्यावर दोन वर्षांत हजारोंच्या वस्तीचे डॉसन शहर क्लाँडाइक व यूकॉन यांच्या संगमावरील सखल पुळणीवर वसले. ३ मे १९७९ रोजी आलेल्या पुराने ते पाण्याखाली गेले. त्यानंतर १९८० च्या दशकात तेथे नदीकाठाने नवा तटबंध बांधण्यात आला.

गावांची स्थलांतरे : वारंवार बुडणाऱ्या गावाचे काय करावयाचे या प्रश्नाला निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळी उत्तरे मिळाली. मॅकेंझीच्या त्रिभुज प्रदेशातील ॲक्लाव्हिक हे गाव पूर व काठाची धूप यांमुळे राहण्यास अयोग्य ठरवून कॅनडाच्या सरकारने १९५३ मध्ये नवे शहर वसविण्याचा निर्णय घेतला. पूर्वेस सु. ५५ किमी. वर उभारलेल्या या शहराला १९५८ मध्ये इनूव्हिक हे नाव मिळाले व १९६१ मध्ये त्याचे औपचारिक उद्‌घाटन झाले. कार्यालये व शाळा तिकडे गेल्या. परंतु शिकार व सापळ्यांवर जगणाऱ्या अनेक कुटुंबांनी जुने गाव सोडण्यास नकार दिला. ॲक्लाव्हिक आजही वसलेले आहे.

ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या काठी, हे रिव्हर या नदीच्या मुखाशी असलेल्या त्याच नावाच्या गावाचा मोठा भाग १९६३ च्या पुरानंतर मुखाजवळील व्हेल बेटावरून मुख्य भूमीवर हलविण्यात आला. तरीही बेटावरील जुनी वस्ती पूर्णपणे उठली नाही. मे २०२२ मध्ये बर्फ फुटण्याच्या वेळीच नदीच्या वरच्या खोऱ्यात पाऊस व हिम पडून तेथे अभूतपूर्व पूर आला. पाणी नव्या वस्तीतही शिरले व संपूर्ण गाव खाली करावे लागले. १९६३ मध्ये सुरक्षित मानलेली उंची सहा दशकांनंतर अपुरी ठरली.

अलास्कातील यूकॉनकाठच्या गलीना गावाजवळ १९७१ च्या पुरानंतर काही अंतरावर नवी वसाहत उभारली गेली. मे २०१३ मध्ये गावाच्या सु. ३० किमी. खाली, बिशप रॉक नावाच्या वळणावर, बर्फ अडले आणि नवी-जुनी अशा दोन्ही वस्त्यांमधील बहुतेक घरांचे नुकसान झाले. रहिवाशांना विमानाने हलवावे लागले. केवळ विमानतळाभोवतीच्या तटबंधाच्या आतील भाग बचावला. त्याच नदीवर कॅनडाच्या सीमेजवळील ईगल येथे मे २००९ मध्ये आलेल्या पुराने हान लोकांचे ईगल व्हिलेज नष्ट केले. त्यानंतरची घरे उंच जागी बांधण्यात आली.

ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर टोकाजवळील विनिस्क या क्री गावाची कथा याहून दुःखद आहे. हडसन उपसागरास मिळणाऱ्या विनिस्क नदीचे बर्फ १६ मे १९८६ रोजी कोंडले व पाण्याबरोबर आलेल्या लाद्यांनी थोड्याच वेळात जवळजवळ सर्व इमारती वाहून नेल्या. दोन व्यक्ती मरण पावल्या. गावकरी परत त्या जागी गेले नाहीत. नदीच्या वरच्या अंगास सु. ३० किमी. अंतरावर, उंच जमिनीवर त्यांनी त्याच वर्षी पीवानक हे नवे गाव वसविले.

याच प्रांतातील ऑल्बनी नदीवरचे कशेचेवन हे गाव मात्र अनेक दशके अनिश्चिततेत राहिले. फोर्ट ऑल्बनी येथील क्री समाजाची धर्मपंथानुसार विभागणी होऊन १९५० च्या दशकात एक गट नदीच्या उत्तर काठावरील सखल जागी आला. १९९० च्या दशकात गावाभोवती तटबंध बांधला गेला. पण त्याच्या मजबुतीबद्दल शंका राहिली. त्यामुळे २००४ नंतर जवळजवळ दर वसंतात रहिवाशांना विमानाने टिमिन्झ, कपसकेसिंग, थंडर बे यांसारख्या दूरच्या शहरांत नेण्यात येऊ लागले. तेथे हॉटेलांतून आठवडेच्या आठवडे काढावे लागल्याने मुलांचे शिक्षण, वृद्धांची शुश्रूषा आणि वसंतातील शिकार या सर्वांत खंड पडे. गाव उंच जागी हलविण्याबाबत २०१७ व २०१९ मध्ये समाज व सरकारे यांच्यात करार झाले. २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे शहरांत जाणे अशक्य झाले, तेव्हा अनेक कुटुंबे वाडवडिलांप्रमाणे रानातील शिकारतळांवर गेली. पूर टाळण्याचा हा जुना मार्ग हॉटेलांपेक्षा अधिक समाधानकारक असल्याचा अनुभव आल्याने तो पुढेही अनुसरण्यात आला.

सायबीरिया : लीना नदीच्या काठावरील गावांना बर्फकोंडीच्या पुरांची सवय आहे, परंतु २००१ चा पूर अपवादात्मक होता. २०००–०१ चा हिवाळा पूर्व सायबीरियात फार कडक गेला व नदीवरील बर्फ नेहमीपेक्षा जाड झाले. मे २००१ च्या मध्यास याकूतियातील लेन्स्क या हिऱ्यांच्या खाणींना माल पुरविणाऱ्या बंदराच्या खालच्या अंगास मोठी कोंडी झाली. लष्करी विमानांतून बॉम्ब टाकूनही ती वेळेवर फुटली नाही. नदीची पातळी सु. २० मी. पर्यंत चढली व शहराचा बहुतेक भाग बुडाला. हजारो घरे नष्ट झाली. लाकडी घरे पाया सोडून तरंगत गेली. त्याच लोंढ्याने पुढे याकुत्स्क शहरालाही धोका निर्माण केला होता. लेन्स्क पुढील हिवाळा सुरू होण्यापूर्वी पुन्हा बांधण्याचे सरकारने ठरविले व शेकडो इमारती काही महिन्यांत उभ्या केल्या. शहराला संरक्षक तटबंधही बांधण्यात आला.

उपाय : कोंडी फोडण्याचे प्रयत्न जुने आहेत. व्हिश्चला नदीवर १८८० च्या दशकापासून बर्फफोड्या बोटींचा ताफा ठेवण्यात आला. मुखाकडून वरच्या दिशेने बर्फ फोडीत जावयाचे, म्हणजे सुटलेले तुकडे समुद्राकडे वाहून जातात, हे त्यातील तत्त्व होय. माँट्रिऑल येथील मॅक्‌गिल विद्यापीठातील भौतिकीविज्ञ हॉवर्ड टी. बार्न्स यांनी बर्फाच्या निर्मितीवर १९०६ मध्ये ग्रंथ लिहिला व १९२० च्या दशकात सेंट लॉरेन्स नदीवरील कोंड्या थर्माइट या अतिउष्णता देणाऱ्या मिश्रणाने फोडून दाखविल्या. सुरुंग व बॉम्ब यांचा वापर नंतर अनेक देशांत झाला. तथापि, खालच्या अंगास मोकळे पाणी नसेल, तर फुटलेले बर्फ थोडे पुढे जाऊन पुन्हा अडते, असा सर्वत्र अनुभव आहे. म्हणून कोंडी होण्यापूर्वीच बर्फ दुर्बल करण्यावर भर देण्यात येतो. रशियात बर्फावर कोळशाची भुकटी किंवा वाळू पसरतात. काळ्या पृष्ठभागामुळे सूर्याची उष्णता अधिक शोषली जाऊन ते लवकर ठिसूळ होते. बर्फात यंत्राने खोल चरे पाडण्याचीही पद्धत आहे. रेड नदीच्या मुखाजवळ एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून जमीन व पाणी या दोन्हींवर चालणारी बर्फफोडी यंत्रे वापरतात. विनिपेग शहराचे रक्षण करणारा पूरकालवा १९६८ मध्ये पूर्ण झाला.

शास्त्रीय अभ्यासाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गती आली. कॅनडातील अभियंते ई. पारिझे व आर. हाउसर यांनी १९६१ मध्ये बर्फाच्या थराची जाडी, प्रवाहाचा वेग व पात्राची रुंदी यांचा संबंध गणिताने मांडला. त्याच वर्षी अमेरिकेच्या लष्कराने न्यू हँपशर राज्यातील हॅनोव्हर येथे शीतप्रदेश संशोधन व अभियांत्रिकी प्रयोगशाळा स्थापन केली. विमानातून पाहणी, नदीतील मापके आणि कृत्रिम उपग्रहांवरील रडार यांच्या साहाय्याने आता बर्फाच्या कडेचे स्थान रोज कळू शकते. अलास्कात दर वसंतात हवामान खात्याचे तज्ञ लहान विमानांतून नद्यांवरून फिरतात व गावांना इशारे देतात. या पाहणीत गावांतील अनुभवी व्यक्तींच्या माहितीचाही उपयोग होतो. तरीसुद्धा कोंडी नेमकी कोणत्या वळणावर व किती वेळ टिकेल, हे काही दिवस आधी सांगणे अद्याप शक्य झालेले नाही. एप्रिल २०२० च्या अखेरीस फोर्ट मकमरी येथे सु. २५ किमी. लांबीची कोंडी होऊन शहराचा सखल मध्यभाग बुडाला व सु. १३,००० लोकांना घरे सोडावी लागली. विमा असलेल्या मालमत्तेचेच नुकसान ५० कोटी कॅनेडियन डॉलरहून अधिक झाले. तेथे १८७५ पासून पूर येत असल्याची माहिती असूनही पूरक्षेत्रातील बांधकाम वाढतच गेले होते.

पुराचे उपकारक कार्य : बर्फकोंडीचे पूर केवळ विनाशकच असतात असे नाही. पीस व अ‍ॅथाबास्का या नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात नदीच्या नेहमीच्या पातळीहून उंचावर असंख्य उथळ तळी व दलदली आहेत. उन्हाळ्यातील साधा पूर तेथवर पोहोचत नाही. बर्फ कोंडल्यावर चढणारे पाणीच त्यांना भरते. या तळ्यांवर कस्तुरी उंदीर (मस्करॅट), बदके, हंस आणि भोवतालच्या कुरणांवर रानगवे जगतात आणि या प्राण्यांवर क्री, डेने व मेती लोकांचे जीवन आधारलेले होते. पीस नदीच्या वरच्या भागातील बेनेट धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. १९७४ नंतर १९९६ पर्यंत मोठा पूर न आल्याने तळी आटली, त्यांत झुडपे माजली व कस्तुरी उंदरांची संख्या घटली. धरणामुळे हिवाळ्यातील प्रवाह वाढून बर्फ उंच पातळीवर गोठते व त्यामुळे कोंडीचे पूर कमी होतात, असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. तर हिमाचे घटते प्रमाण व हवामानातील नैसर्गिक चढउतार ही मुख्य कारणे होत, असे इतर काही मानतात. हा प्रदेश ज्यात येतो, त्या वुड बफेलो राष्ट्रीय उद्यानास १९८३ मध्ये जागतिक वारसास्थानाचा दर्जा मिळाला. त्याच्या रक्षणासाठी फोर्ट चिपेवायन येथील मिकिस्यू क्री समाजाने २०१४ मध्ये यूनेस्कोकडे धाव घेतली. एका समाजाला पूर आल्याचे दुःख, तर दुसऱ्याला तो न आल्याचे, अशी परिस्थिती एकाच नदीप्रणालीत दिसून येते. मॅकेंझीच्या त्रिभुज प्रदेशातील सु. ४५,००० तळ्यांपैकी उंचावरील तळीही अशाच पुरांवर अवलंबून आहेत.

हवामानबदलाचे परिणाम : जुन्या नोंदींवरून नद्यांचे बर्फ पूर्वीपेक्षा लवकर फुटू लागल्याचे स्पष्ट दिसते. टॉर्निओ, डॉसन व नेनाना या तिन्ही मालिकांचा कल एकाच दिशेचा आहे. बर्फाची जाडी घटल्यास कोंड्या सौम्य होतील, असे वरवर वाटते व काही नद्यांवर तसे होतही असावे. परंतु उबेच्या लाटा अधिक तीव्र झाल्यास बर्फ ठिसूळ होण्यापूर्वीच पाण्याचा लोंढा येतो. बर्फफुटीच्या वेळी पाऊस पडल्यास तो आणखी वाढतो. आणि दक्षिणेकडील भागांत भर हिवाळ्यातच बर्फ फुटून पुन्हा गोठण्याचे प्रकार घडतात. काठाची कायम गोठलेली जमीन वितळत असल्याने धूपही वाढली आहे. मे २०२३ मध्ये यूकॉन नदीवरील सर्कल व कस्कोक्विम नदीवरील क्रुकेड क्रीक या अलास्कातील गावांना बर्फकोंडीच्या पुरांनी झोडपले. वर्षे सरासरीने उबदार होत असली, तरी एखादा कडक हिवाळा व एकाएकी आलेला उष्मा यांचा संयोग टळलेला नाही, हे त्यावरून दिसते.

या पुरांच्या इतिहासावरून असे दिसते, की बर्फ फोडण्याच्या साधनांपेक्षा वस्तीच्या जागेची निवड अधिक निर्णायक ठरली आहे. मात्र गाव हलविणे म्हणजे घरे हलविणे एवढेच नसते. दफनभूमी, मासेमारीच्या जागा व शिकारीच्या वाटा मागे राहतात. विनिस्कच्या लोकांनी ही किंमत देऊन नवे गाव वसविले, तर ॲक्लाव्हिकच्या लोकांनी जुनी जागा पत्करली. जेथे निर्णय बाहेरून लादला गेला किंवा दीर्घकाळ लांबणीवर पडला, तेथे वसंत ऋतूचे आगमन हे दरवर्षी चिंतेचे कारण होऊन राहिले.